फोटोच्या कडेला उभी असलेली माणसं

डॅलसला भारतातून कुणी पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं, हा इथल्या मराठी घरांतला नेहमीचा प्रश्न. न्यूयॉर्कवाल्यांकडे पुतळा आहे, कॅलिफोर्नियावाल्यांकडे पूल आहे, समुद्र आहे. आमच्याकडे उड्डाणपूल, मॉल आणि ऊन. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाडी डाउनटाउनकडे वळते आणि आम्ही पाहुण्यांना डीली प्लाझात घेऊन जातो. एल्म स्ट्रीटवर, अध्यक्ष जॉन केनेडींना जिथे गोळी लागली त्या जागी, डांबरावर पांढरी फुली रंगवलेली असते. सिग्नल लाल झाला की लोक पळत रस्त्याच्या मधोमध जाऊन फोटो काढतात आणि हिरवा व्हायच्या आत पळत परत येतात. समोर विटांची सात मजली इमारत आहे. पूर्वी ते शाळेच्या पुस्तकांचं गोदाम होतं. आता तिच्या सहाव्या मजल्यावर म्युझियम आहे.

मी नऊ वर्षांपूर्वी इकडे आलो, तेव्हापासून या म्युझियमच्या इतक्या चकरा झाल्या आहेत की ऑडिओ गाइडही पाठ झाला असेल. पण गेल्या दोन वर्षांत मला तिथल्या वेगळ्याच गोष्टीचा नाद लागला आहे, तो म्हणजे त्या चार दिवसांत वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांनी काढलेले फोटो. माझी नोकरी डेटा साठवण्याशी संबंधित आहे. बॅकअप, मूळ प्रत, फाइल कुणी कधी बदलली याची नोंद, हेच दिवसभर चालतं. त्यामुळे जुन्या निगेटिव्ह सांभाळणाऱ्या लोकांबद्दल मला आपसूकच आपुलकी वाटते. ‘कुणी मारलं, कटात कोण होतं’ या वादात मी शिरणार नाही. त्यावर इथे इतकी पुस्तकं आहेत की एक गोदाम पुन्हा भरेल. मला सांगायचं आहे ते गोळी झाडल्यानंतरच्या फोटोंबद्दल.

थोडा संदर्भ. शुक्रवार, २२ नोव्हेंबर १९६३. दुपारी साडेबारा वाजता केनेडींचा ताफा डीली प्लाझातून जात असताना गोळीबार झाला. एक वाजता पार्कलँड हॉस्पिटलमध्ये त्यांना मृत घोषित केलं. त्याच गोदामात काम करणारा ली हार्वी ऑस्वाल्ड त्या दुपारीच पकडला गेला. रविवारी, पोलिस मुख्यालयाच्या तळघरात जॅक रूबी नावाच्या नाइट क्लबच्या मालकाने त्याला गोळी घातली. सोमवारी अंत्यसंस्कार झाले. शुक्रवार ते सोमवार या चार दिवसांत इथल्या प्रेस फोटोग्राफरांवर जी वेळ आली, तशी फार थोड्यांवर येते.

पहिला फोटो आइक आल्टजेन्स यांचा. ते असोसिएटेड प्रेसच्या डॅलस ऑफिसात होते. ताफा जाताना एल्म स्ट्रीटच्या कडेला उभं राहून त्यांनी एक फोटो काढला. समोरच्या काचेतून केनेडींचा हात गळ्याशी गेलेला दिसतो. मागच्या गाडीच्या पायरीवर उभे असलेले सुरक्षारक्षक मान वळवून गोदामाच्या दिशेने बघताहेत. अगदी मागे गोदामाचं प्रवेशद्वार आहे आणि तिथे काही कर्मचारी ताफा बघायला थांबले आहेत. काही क्षणांनी केनेडींच्या डोक्याला गोळी लागली, तेव्हा गाडी आल्टजेन्स यांच्यापासून काही फुटांवर होती. कॅमेरा तयार होता. पण समोर जे दिसलं त्याने ते इतके हादरले की बटण दाबलंच गेलं नाही. नंतर पळत ऑफिस गाठून त्यांनी बातमी दिली, आणि त्यांचा फोटो तारेवरून जगभर गेला.

पुढे गंमत झाली, गंमत म्हणायची तर. प्रवेशद्वाराशी उभ्या असलेल्या माणसांतला एक जण लोकांना ऑस्वाल्डसारखा दिसला. तो जर दारात उभा असेल तर सहाव्या मजल्यावर कोण होतं? वॉरेन आयोगाने चौकशी केली. गोदामातल्या बिली लव्हलेडी नावाच्या कर्मचाऱ्याने सांगितलं की तो मीच. सहकाऱ्यांनीही त्याला दुजोरा दिला. सत्तरच्या दशकात संसदेच्या समितीने तोच फोटो पुन्हा तपासला आणि तोच निष्कर्ष काढला. तरीही वाद चालूच राहिला. दुपारचं जेवण करून दारात उभा राहिलेला एक साधा कर्मचारी, फोटोच्या कोपऱ्यात आला म्हणून आयुष्यभर ‘तो मीच’ एवढं सांगत बसला. अनेक ठिकाणी हा फोटो कडा कापून छापला गेला होता. मूळ निगेटिव्ह जपून ठेवली नसती तर तपासायला काहीच उरलं नसतं.

दुसरी गोष्ट रॉबर्ट जॅक्सन यांची. डॅलस टाइम्स हेरल्ड या संध्याकाळच्या पेपरचे हे तरुण फोटोग्राफर ताफ्यात मागच्या एका गाडीत होते. ठरल्याप्रमाणे मेन आणि ह्यूस्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावर त्यांनी कॅमेऱ्यातला रोल काढून खाली थांबलेल्या वार्ताहराकडे फेकला. वाऱ्याने पाकीट उडालं, वार्ताहर त्याच्यामागे धावला, गाडीतले सगळे हसले. आणि तेवढ्यात गोळ्यांचे आवाज आले. जॅक्सन यांनी वर पाहिलं. पाचव्या मजल्याच्या खिडकीतून दोन माणसं मान वर करून बघत होती, आणि त्यांच्या वरच्या खिडकीतून बंदुकीची नळी आत जात होती. जॅक्सन यांच्या हातातला कॅमेरा रिकामा होता.

त्याच गाडीत मॉर्निंग न्यूजचे टॉम डिलर्ड होते. जॅक्सन ओरडले तसा त्यांनी खिडकीचा फोटो काढला. तो फोटो आजही आहे. पाचव्या मजल्यावरची दोन माणसं स्पष्ट दिसतात, वरची खिडकी उघडी आहे आणि तिच्यात कुणी नाही. मी हा फोटो खूप वेळ बघतो. काही सेकंदांपूर्वीचं सगळं त्यात नाही, आणि तरीही तो महत्त्वाचा पुरावा ठरला.

रविवारी सकाळी अकरा वाजून एकवीस मिनिटांनी जॅक्सन पोलिस मुख्यालयाच्या तळघरात उभे होते. या वेळी कॅमेऱ्यात रोल होता. ऑस्वाल्डला काउंटीच्या तुरुंगात हलवायचं होतं. पत्रकारांनी तळघर भरलं होतं, टीव्हीवर थेट प्रक्षेपण चालू होतं. गर्दीतून रूबी पुढे झाला. जॅक्सन यांच्या फोटोत गोळी नुकतीच लागली आहे. ऑस्वाल्डचं तोंड वेदनेने उघडलं आहे, आणि त्याच्या हाताला बेडीने जोडलेला डिटेक्टिव्ह जिम लेव्हेल, फिकट रंगाच्या सुटात आणि हॅटमध्ये, मागे झुकला आहे. या फोटोला १९६४चा पुलित्झर पुरस्कार मिळाला.

पण त्याच तळघरात मॉर्निंग न्यूजचे जॅक बियर्सही होते, आणि त्यांनीही बटण दाबलं होतं. साधारण सहा दशांश सेकंद आधी. त्यांच्या फोटोत रूबी हात लांबवून पुढे झेपावतो आहे, पिस्तूल दिसतं आहे, गोळी अजून सुटायची आहे. बहुतेक चेहरे शांत आहेत, कारण काय होणार आहे हे त्यांना माहीतच नाही. बियर्स यांचा फोटो आधी बाहेर आला, त्यांच्या पेपरात अभिनंदनही झालं. मग जॅक्सन यांचा फोटो आला आणि पहिला फोटो मागे पडला. हे शल्य बियर्स यांना शेवटपर्यंत राहिलं, असं त्यांच्या घरच्यांनी पुढे सांगितलं. १९७५ मध्ये ते गेले. आमच्या क्षेत्रात सहाशे मिलिसेकंद उशीर झाला की ग्राहकाची तक्रार येते. इथे सहाशे मिलिसेकंद लवकर झालं म्हणून एका माणसाचं आयुष्य झाकोळलं.

मला विचाराल तर दोन्ही फोटो शेजारी ठेवूनच पाहावेत. जॅक्सन यांच्या फोटोत काय झालं ते कळतं. बियर्स यांच्या फोटोत मात्र हे कळतं की इतके पोलिस, इतके कॅमेरे असूनही होणारी गोष्ट जवळजवळ कुणालाच दिसत नव्हती.

या चार दिवसांतला आणखी एक फोटो तुम्ही नक्की पाहिला असेल. विमानात हात वर करून शपथ घेणारे लिंडन जॉन्सन आणि शेजारी जॅकी केनेडी. हा मात्र प्रेसने काढलेला नाही. व्हाइट हाउसचे फोटोग्राफर कॅप्टन सेसिल स्टॉटन यांनी तो डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळावर काढला आणि लगेच वृत्तसंस्थांकडे सोपवला. दुपारचे दोन वाजून अडतीस मिनिटं झाली होती. शपथ दिली सारा ह्यूज या डॅलसच्या न्यायाधीशांनी. अमेरिकेच्या अध्यक्षाला शपथ देणारी ही पहिली स्त्री. देश चालू आहे, सत्ता रिकामी नाही, हे जगाला दाखवणं हा त्या फोटोचा हेतू होता. म्हणून तो अशा कोनातून घेतला आहे की जॅकी यांच्या गुलाबी सुटावरचं रक्त दिसत नाही. त्यांनी मात्र दिवसभर तो सूट बदलायला नकार दिला होता. लोकांनी बघावं, अशीच त्यांची इच्छा होती. तो सूट आज राष्ट्रीय अभिलेखागारात, न धुतलेला, ठेवला आहे आणि २१०३ सालापर्यंत तो लोकांना दाखवला जाणार नाही. फोटोने जे झाकलं ते कापडाने जपून ठेवलं आहे.

आता सोमवार, २५ नोव्हेंबर. या दिवसाबद्दल इथे येईपर्यंत मला अर्धीच माहिती होती. वॉशिंग्टनमध्ये केनेडींची अंत्ययात्रा निघाली. चर्चबाहेर वडिलांच्या शवपेटीला सलाम करणारा छोटा जॉन आपण सगळ्यांनी पाहिला आहे. यूपीआयचे स्टॅन स्टर्न्स यांनी टिपलेला तो फोटो. त्या दिवशी जॉनचा तिसरा वाढदिवस होता.

पण त्याच दिवशी आणखी दोन अंत्यविधी झाले. डॅलसमध्ये जे. डी. टिपिट या पोलिसाचा. केनेडींवर हल्ला झाल्यानंतर पाऊण तासाने ओक क्लिफ भागात संशयिताला हटकताना ते मारले गेले. मागे बायको आणि तीन मुलं होती. आणि शेजारच्या फोर्ट वर्थमध्ये, रोज हिल दफनभूमीत, ऑस्वाल्डचा.

ऑस्वाल्डच्या दफनाचे फोटो पाहिले तेव्हा मला आधी काही चुकतंय असंच वाटलं. शवपेटी उचलणारी माणसं ओळखीची किंवा नात्यातली दिसत नव्हती. ते सगळे पत्रकार होते. बातमी घ्यायला आले होते. घरचे म्हणजे आई, भाऊ, रशियन बायको आणि दोन लहान मुली, धाकटी जेमतेम महिन्याची. पेटीला खांदा द्यायला कुणीच नव्हतं. प्रार्थनेसाठी ठरलेला धर्मगुरूही आला नाही, आयत्या वेळी दुसऱ्याने चार शब्द म्हटले. मग पत्रकारांनाच विचारलं गेलं, आणि असोसिएटेड प्रेस आणि फोर्ट वर्थ स्टार-टेलिग्रामसारख्या ठिकाणच्या वार्ताहरांनी पेटी उचलली. आपल्याकडे दुश्मनाच्या प्रेतालाही खांदा द्यावा असं म्हणतात. त्या वार्ताहरांच्या चेहऱ्यावर उदात्त वगैरे काही दिसत नाही. जड ओझं उचलताना होतात तसे अवघडलेले चेहरे आहेत, एवढंच.

या फोटोंचं पुढे काय झालं, हे तितकंच महत्त्वाचं आहे. डॅलसला त्यानंतर ‘द्वेषाचं शहर’ म्हणू लागले. एका माणसाच्या गुन्ह्याचा डाग सगळ्या गावावर बसला. इमारत पाडून टाका, नजरेसमोर नको, असं म्हणणारे इथे बरेच होते. ती पडली नाही. १९७७ मध्ये काउंटीने ती विकत घेतली, खालच्या मजल्यांवर सरकारी कचेऱ्या आल्या, आणि १९८९ मध्ये सहाव्या मजल्यावर म्युझियम उघडलं. म्हणजे स्वतःकडे बघायला या शहराला पंचवीस वर्षं लागली. टाइम्स हेरल्ड १९९१ मध्ये बंद पडला, पण त्याच्या त्या दिवसांतल्या निगेटिव्ह आज या म्युझियममध्ये आहेत. स्टार-टेलिग्रामच्या निगेटिव्ह आर्लिंग्टनच्या विद्यापीठाने सांभाळल्या आहेत. डॅलस पोलिसांनी काढलेले शेकडो फोटो आणि कागद डेंटनच्या विद्यापीठाने स्कॅन करून सगळ्यांसाठी खुले केले आहेत. घरी बसून, चहा पीत, कुणीही बघू शकतं.

पुरस्कारांचे फोटो सगळीकडे मिळतात. पण अख्खा रोल बघायला मिळाला की वेगळ्याच गोष्टी दिसतात. पोलिस मुख्यालयाच्या बोळात वायरींवर अडखळणारे कॅमेरामन. हॉस्पिटलबाहेर गाडीच्या रेडिओभोवती जमलेले गोरे-काळे लोक. प्लाझातल्या हिरवळीवर, पुढे आठवडाभर वाढत गेलेले फुलांचे ढीग. आज कुठलाही फोटो संगणक दोन मिनिटांत तयार करून देतो, हे माझ्या क्षेत्रामुळे मला जरा जास्तच जवळून माहीत आहे. अशा वेळी हा फोटो कुणी काढला, कुठे उभं राहून, आधीची आणि नंतरची फ्रेम कुठली, मूळ निगेटिव्ह कुणाकडे आहे, या प्रश्नांना किंमत येते. म्युझियममध्ये नेमकी ही उत्तरं जपलेली आहेत.

हे सगळं बघताना माझं मन वारंवार ३० जानेवारी १९४८कडे जातं. गांधीजींच्या हत्येनंतरचे दिल्लीतले फोटो जगाने पाहिले. आंरी कार्तिए-ब्रेसाँ आणि मार्गारेट बर्क-व्हाइट हे दोघेही तेव्हा तिथे होते. आपल्या होमाई व्यारावाला त्या संध्याकाळी प्रार्थनासभेला जायला निघाल्या होत्या आणि उद्या जाऊ म्हणून परत फिरल्या. ही खंत त्यांनी म्हातारपणीही बोलून दाखवली. जॅक्सन यांच्या रिकाम्या कॅमेऱ्याबद्दल वाचलं तेव्हा मला आधी त्याच आठवल्या.

पण मारेकरी पुण्याचा, आणि त्यानंतरचे पुढचे दिवस महाराष्ट्राचेही होते. पश्चिम महाराष्ट्रात, मारेकऱ्याच्या जातीची म्हणून, घरं जाळली गेली. माझ्या आजीचं सासर सातारा जिल्ह्यातलं. तिचा वाडा त्यात गेला. आमच्या घरात त्या दिवसांचा एकही फोटो नाही. आजी त्याबद्दल कधी बोलली नाही. ‘वाडा होता तेव्हा’ आणि ‘वाडा गेल्यावर’ असे काळाचे दोन भाग ती करायची, बस्स. गांधीजींच्या मृत्यूपुढे आपलं दुःख काय सांगायचं, असंही तिला वाटत असेल. आमच्या पिढीपर्यंत पोचता पोचता त्या गोष्टीचे दोनच प्रकार उरले. एक, काही झालंच नाही. दुसरा, सगळं गाव आमच्यावर उठलं. डॅलसच्या फोटोंनी मला हे शिकवलं की दोन्हींपैकी कुठलाच प्रकार नीट पाहिल्याशिवाय खरा मानायचा नाही. कडेला कोण उभं होतं ते बघावं लागतं.

फोटो नसतील तर माणसांना विचारावं लागतं, आणि माणसं निगेटिव्हइतकी टिकत नाहीत. गेल्या दिवाळीत मी कऱ्हाडच्या आत्याला फोन केला. ती तेव्हा सात वर्षांची होती, आता पंच्याऐंशीच्या घरात आहे. आधी म्हणाली, ‘कशाला उकरतोस रे ते?’ मी गप्प बसलो. चार दिवसांनी नातवाकडून फोन मागून घेऊन तिने मला अकरा मिनिटांचा आवाजी निरोप पाठवला.

त्यात जाळणाऱ्यांबद्दल फारसं काही नाही. ती तेव्हा लहान होती, आणि धुराशिवाय तिला काही दिसलं नव्हतं. पण आजीला आणि पोरांना त्या रात्री गावातल्या एका शेतकरी कुटुंबाने आपल्या गोठ्यामागच्या खोलीत ठेवलं होतं, भाकरी दिली होती, आणि सकाळी बैलगाडीतून स्टेशनला पोचवलं होतं. त्या घरातला थोरला मुलगा रात्रभर दारात काठी घेऊन बसला होता. आमच्या घरात हे आजवर कुणी सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. आत्याला त्या कुटुंबाचं आडनाव आठवत होतं, आणि मुलाचं नावही.

निरोपाची मूळ फाइल मी तीन ठिकाणी ठेवली आहे. सोबत तारीख, बोलणाऱ्याचं नाव, गाव आणि त्या मुलाचं नाव लिहिलेला कागद. पुढच्या सुट्टीत भारतात आलो की त्या गावी जाऊन त्यांच्या घरचं कुणी आहे का, ते बघणार आहे.

(लेखक अमेरिकेतील डॅलस येथे सॉफ्टवेअर इंजिनिअर आहेत.)